ताईला विचार

दारातल्या मुलीने शिक्का पुढे केला आणि भूषणने हात पाठीमागे नेला.

"सर, मनगट," ती म्हणाली.

भूषण माझ्याकडे वळला. "ताई, शंका आहे."

"बोल."

"हा शिक्का सगळ्यांना मारतायत का?"

"सगळ्यांना. हा बघ माझ्या हातावर. समोर तो पिवळ्या शर्टातला जातोय ना, त्याच्याही हातावर आहे. बाहेर जाऊन परत आलं की तिकीट विचारायला नको म्हणून मारतात. आंघोळ केली की जातो."

"बरं," म्हणून त्याने हात पुढे केला.

रांगेतली दोन पोरं मागे खुसखुसली. मी वळून बघितलं तशी गप्प झाली. मी नाशकात ड्रायव्हिंग शिकवते. 'क्लच सोड मेल्या, क्लच!' असं ओरडत अर्ध्या शहराला गाडी शिकवली की बाईच्या नजरेत जरा जरब येतेच.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. भूषण माझा धाकटा भाऊ. तो आजारी पडला होता, आणि दवाखान्यातून घरी येऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. आजाराचं नाव मोठं आहे, ते सांगून काही हाती लागत नाही. त्याला वाटायचं की लोक आपल्या वाईटावर आहेत. साधं वाटणं नाही, खात्री. तुम्हाला सूर्य दिसतो तेवढी खात्री.

गोळ्यांनी ती खात्री गेली आणि तिच्या जागी शंका आली. डॉक्टरबाई म्हणाल्या, हे चांगलं लक्षण आहे. शंका आली म्हणजे माणूस दारापर्यंत परत आला. मग त्यांनी एक नियम घालून दिला. भूषणने एक माणूस निवडायचं. कसलीही शंका आली की त्या माणसाला विचारायचं आणि ते जे सांगेल ते खरं धरायचं. त्याने मला निवडलं. डॉक्टरबाईंनी मला वेगळं बसवून बजावलं, "एक लक्षात ठेवा. त्याच्याशी खोटं बोलायचं नाही. त्याला बरं वाटावं म्हणूनही नाही. एकदा जरी पकडलं ना त्याने, तर सगळं गेलं."

मला ते जमण्यासारखं होतं. गोडगोड बोलणं माझ्या घराण्यात नाही. तो विचारायचा, "ताई, शेजारचे काका आत्ता माझ्याबद्दल बोलत होते?" मी सांगायची, "हो. गाडी आडवी लावलीस म्हणून शिव्या देत होते." तो विचारायचा, "ताई, मी जाड झालो?" मी सांगायची, "झालास. गोळ्यांनी होतं. पोळ्या तीनच खा." तो हसायचा. दोन वर्षांत शंका कमी होत होत दिवसाला एकदोनवर आल्या होत्या. आई देवापुढे बसायची, मी स्टिअरिंगपुढे, आणि दिवस जात होते.

आजारी पडण्याआधी भूषण 'उद्या सुट्टी' नावाच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. मिहीर गायचा, अल्ताफ ड्रम बडवायचा, आणि एक अबोल मुलगा होता तो जाड तारांची गिटार घेऊन कोपऱ्यात उभा असायचा. मराठी गाणी, स्वतःची, आपल्याच गल्लीबोळांवरची. मला त्यातलं काही कळायचं नाही. माझा कान हळदीच्या गाण्यांचा. पण भूषण वाजवायला लागला की स्वयंपाकघरातून आईसुद्धा बाहेर यायची, एवढं मला माहीत होतं.

त्या साली चैत्रात मिहीर घरी आला. पुढच्या कार्यक्रमात एक गाणं भूषणने येऊन वाजवावं, असं म्हणाला. एकच. 'टाकीवरून गाव दिसतं'. त्यातला मधला गिटारचा तुकडा भूषणनेच बांधलेला होता. भूषणने बँड सोडल्यापासून मिहीर तो स्वतः कसाबसा वाजवायचा, आणि लोक त्यावर 'ओ ओ' करून गायचे. डॉक्टरबाई हो म्हणाल्या. भूषणने माळ्यावरून गिटार काढली आणि रोज संध्याकाळी पलंगावर बसून, कुठल्याही यंत्राला न जोडता, तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायला लागला. गोळ्यांनी त्याची बोटं थरथरायची. चहाचा कप बशीत वाजायचा. तो हात मांडीखाली दाबून ठेवायचा, पाच मिनिटांनी काढायचा आणि परत सुरू.

"एवढं एक गाणं लोकांसमोर नीट वाजलं ना ताई," तो मला म्हणाला होता, "तर मी समजेन की मी आहे अजून."

"आणि नाही वाजलं तर?"

"तर गिटार विकून टाकीन. आणि तू मला गाडी शिकवायला घे."

"तुला? माझी गाडी काय फुकटची आहे?"

तो हसला, पण मला माहीत होतं, थट्टा नव्हती. त्याने सगळं त्या एका गाण्यावर लावलं होतं.

जागेचं नाव होतं 'तळघर'. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत एक बंद पडलेला छापखाना होता, त्याचं तळघर कोणीतरी काळं रंगवून घेतलं होतं. भिंतींना फोम चिकटवलेला, समोर फळ्यांचं बुटकं स्टेज, एका अंगाला सरबतं आणि तळलेले बटाटे विकणारा कट्टा. शंभर माणसं दाटीवाटीने मावतील एवढं.

दुपारी आम्ही आवाज तपासायला आलो होतो तेव्हा तिथे कोणी नव्हतं. तेव्हा भूषणची गिटार मोठ्या स्पीकरवर लावली, आणि तो तीन ठिकाणी अडखळला. बोटं ऐकेनात. दुसऱ्यांदा वाजवलं, तरी दोन ठिकाणी अडलाच. मिहीर म्हणाला, "होईल रे, संध्याकाळी होईल." अल्ताफ म्हणाला, "काय भो, एवढं टेन्शन नको घेऊ." नंतर ती दोघं मागे जाऊन आवाजाच्या टेबलापाशी बराच वेळ बोलत उभी होती. मी बघितलं, पण माझं लक्ष भूषणकडे होतं. मी त्याला उचलून मिसळ खायला नेलं. गाडीत तो शेजारच्या सीटवर बसून डॅशबोर्डवर बोटं नाचवत होता. शिकवायच्या गाडीत त्या बाजूलाही ब्रेक असतो, त्यावर त्याचा पाय सारखा पडत होता आणि गाडी दचके खात होती.

"पाय काढ तो," मी म्हणाले. "तू गिटार सांभाळ, ब्रेक मी बघते."

"ताई, होईल ना?"

"मला काय माहीत? दुपारी नाही झालं. कदाचित होईल."

एवढंच खरं मला सांगता येत होतं.

तर शिक्का मारून घेऊन आम्ही आत उतरलो. भूषण स्टेजच्या बाजूच्या खोलीत गेला आणि मी मागे, आवाजाच्या टेबलापाशी एक उंच स्टूल रिकामं होतं त्यावर चढून बसले. टेबलामागे गौतम नावाचा दाढीवाला तरुण होता. डोक्यावर हेडफोन, पुढ्यात शंभर बटणं. मला बघून त्याने मान लववली. पुढे एका खुर्चीवर करड्या केसांची, छोटे केस ठेवलेली बाई बसली होती. पुण्याच्या कुठल्याशा महोत्सवासाठी बँड निवडायला आली होती म्हणे. सगळे तिला वाट करून देत होते.

कार्यक्रम सुरू झाला. आवाज एवढा, की माझ्या दातांत भरलेलं सिमेंट हलतंय असं वाटलं. पण पोरं छान होती. घामाघूम होऊन नाचत होती, गाण्यातली ओळ न ओळ पाठ. मिहीर काय बोलेल त्यावर हसत होती. मी मनात म्हटलं, माझा भाऊ हे सोडून दोन वर्षं आईबरोबर गवार मोडत बसला. मला एकदम राग आला. कोणाचा ते सांगता येणार नाही.

पाचव्या का सहाव्या गाण्यानंतर मिहीरने माइक हातात घेतला. "आता एक जुना मित्र येतोय. हे गाणं त्याचं आहे. भूषण पाळदे!"

टाळ्या पडल्या. भूषण आला. आईने इस्त्री करून दिलेला निळा शर्ट, पोटावर जरा ताणलेला. त्याने लोकांकडे बघितलं नाही. वायर लावली, पायाशी ठेवलेल्या छोट्या स्पीकरकडे कान करून एक तार छेडली आणि मान हलवली. अल्ताफने काठ्या आपटून चार मोजले.

सुरुवातीला मला काही वेगळं वाटलं नाही. मिहीर गात होता, दोन्ही गिटारी हलत होत्या. मग तो मधला तुकडा आला. मिहीर भूषणसमोर जाऊन उभा राहिला आणि दोघं समोरासमोर वाजवायला लागले. लोकांनी 'ओ ओ' धरलं. ऐकू येत होतं ते ठीकच होतं, जरा बेंगरूळ. घरी रोज संध्याकाळी मी जे ऐकलं होतं त्यासारखं नव्हतं. मी भूषणच्या बोटांकडे बघितलं. ती वेगळंच काहीतरी करत होती. बोटं वर जात होती आणि सूर खाली येत होता. मी गाडी शिकवणारी बाई. पाय एक करतोय आणि गाडी दुसरंच करतेय, हे मला झोपेतही कळतं.

मी गौतमच्या खांद्याला हात लावला. "त्याचा आवाज कुठंय?"

"काय?"

"माझ्या भावाचा! भूषणचा आवाज कुठंय?"

त्याने एक हेडफोन कानावरून सरकवला. "तो बंद ठेवलाय ना. त्याच्या पायाशी ऐकू येतोय त्याला, बाहेर नाही जात." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "मिहीर बोलला, घरी माहितीये म्हणून."

त्याने काय समजून कुणास ठाऊक, एक बटण दाबलं, डोक्यावरचे हेडफोन काढले आणि माझ्या कानांना लावले.

सगळा गोंगाट बाजूला पडला आणि एकटा भूषण ऐकू आला. अडखळत नव्हता. थरथर होती, पण त्याने ती सुरातच घालून टाकली होती, तार लांबवून लांबवून, जसं काही तसंच करायचं होतं. दुपारी अडला होता त्या तिन्ही जागांवरून तो सहज निघून गेला. आणि शेवटाला, जिथे तो तुकडा खाली उतरून संपतो, तिथे तो उतरलाच नाही. वर गेला. घरी कधी वाजवलं नव्हतं असं काहीतरी वाजवत वर वर गेला. मी अडाणी आहे यातली, पण लोक पैसे मोजून ज्यासाठी येतात ते हेच असणार, एवढं मला समजलं.

समोर शंभर माणसं 'ओ ओ' करत जुन्याच शेवटाला उतरत होती.

"उघड ते!" मी ओरडले.

"ताई, मिहीरला विचारल्याशिवाय…"

"अरे उघड म्हणते ना! बरोबर वाजवतोय तो!"

"मला ऐकू येतंय, ताई. पण एकदम उघडलं तर स्पीकर शिट्टी मारेल. थांबा, हळूहळू घेतो." त्याने एका बटणावर बोट ठेवलं आणि इंचाइंचाने वर सरकवायला लागला. तोवर अल्ताफने शेवटची थाप मारली होती. लोक टाळ्या वाजवत होते. ती करड्या केसांची बाईसुद्धा वाजवत होती. भूषण लोकांकडे बघत उभा होता. आता पहिल्यांदाच बघत होता, एकेका चेहऱ्याकडे, निरखून. मग त्याने वायर काढली आणि खाली उतरला.

मिहीरने दहा मिनिटांची सुट्टी जाहीर केली. मी लोकांना कोपरांनी बाजूला सारत त्याला कट्ट्यामागच्या बोळात गाठलं. अल्ताफ बरोबर होता.

"ताई, काय खूश दिसत होता ना तो…" मिहीर सुरू झाला.

"त्याचा आवाज बंद होता."

मिहीर म्हणाला, "दुपारी तुम्ही होतात. बघितलंत ना? सगळ्यांसमोर बोटं अडकली असती तर? कोणीतरी हसलं असतं. तो कोलमडला असता, ताई. आम्ही विचार केला, त्याला वाजवल्याचं समाधान मिळेल आणि लाजही राहील. खोटं कशाला बोलू, ती बाई पण बसलीय समोर. तेही होतं डोक्यात. पण आधी तोच होता."

"तो बरोबर वाजवत होता."

"म्हणजे?"

"म्हणजे बरोबर! मी हेडफोन लावून ऐकलं. एक सूर चुकला नाही. शेवट नवा केला त्याने."

"नवा शेवट?" मिहीरने विचारलं. तो भिंतीला टेकला. "माझ्याकडे त्याचा आवाज येतच नव्हता. मी समोर उभा होतो त्याच्या, आणि मला…" त्याने तोंडावरून हात फिरवला. रडायलाच लागला वेडा.

अल्ताफ जास्त शहाणा होता. तो हळूच म्हणाला, "ताई, त्याला सांगू नका हां. पाया पडतो तुमच्या. सुरुवात कशाने झाली होती ते आठवतंय ना?"

आठवत नसायला काय झालं? भूषणचा आजार आम्हाला पहिल्यांदा दिसला तो एका कॉलेजच्या मैदानावर. भर कार्यक्रमात त्याने वाजवणं थांबवलं, स्टेजवरून उतरून आवाजाच्या टेबलापाशी गेला आणि सगळ्या वायरी उपटल्या. 'हे माझा आवाज कापतायत,' असं ओरडत होता. 'मला ऐकू येतोय पण तुम्हाला येऊ देत नाहीत.' त्यानंतर मग टीव्ही, मग नळाचं पाणी, मग सोसायटीचा वॉचमन. पण पहिली वीट ती होती. आणि डॉक्टरबाईंनी पहिली तीच काढली. मिहीरने त्या दिवशीचं रेकॉर्डिंग आणून दिलं, डॉक्टरबाईंनी त्याला समोर बसवून ऐकवलं. त्यात त्याची गिटार होती. स्वच्छ, सगळ्यांच्या वर. ऐकून भूषण तासभर रडला होता. 'म्हणजे मलाच काहीतरी झालंय,' म्हणाला होता. तिथून तो बरा व्हायला लागला.

"तेव्हा खरंच नव्हतं केलं, ताई," अल्ताफ म्हणाला. "अम्मीची शपथ."

"माहितीये मला," मी म्हणाले. "आणि आज केलंत."

भूषण गाडीपाशी उभा होता, गिटार पाठीला लावून. मी कुलूप उघडलं, आम्ही बसलो. मी किल्ली लावली, पण फिरवली नाही. तळघरातून पुढच्या गाण्याची धडधड रस्त्यापर्यंत येत होती.

"ताई, शंका आहे," तो म्हणाला.

"बोल."

"आधी सांगतो, मला माहितीये हे कसं वाटतंय ते. ही जुनीच शंका आहे. दोन वर्षांत आली नव्हती." तो अगदी शांत बोलत होता, डॉक्टरबाईंनी शिकवलं होतं तसं, एकेक पायरी. "मला माझा आवाज येत होता. पण मी शेवट बदलला, आणि समोर एकाचाही चेहरा बदलला नाही. ते जुनंच गात राहिले. म्हणून मला वाटलं की माझा आवाज बाहेर जात नाहीये." तो जरा हसला. "झालं ना परत सुरू? उद्या डॉक्टरांकडे जाऊ. गोळ्या वाढवतील, वाढवू देत. तू फक्त नाही म्हण, ताई. मी सोडून देईन."

त्याने मला नाही म्हणायला किती सोपं करून दिलं होतं! सगळं ताट वाढून पुढे ठेवलं होतं. नाही म्हटलं असतं तर त्याने ते खरं धरलं असतं. आपले कान खोटे आहेत असं मानून तो घरी आला असता, जास्तीची गोळी घेऊन झोपला असता. आयुष्यात सगळ्यात चांगलं वाजवलं त्या संध्याकाळी आपण वेडे होतो, असं समजून जगला असता. आणि कोणा तिऱ्हाइताकडून, गौतमकडून, कोणाच्या मोबाइलवरच्या चित्रीकरणातून कधी कळलं असतं, तर मी उरले नसते त्याला.

आणि मला अभिमानही वाटत होता. तेही सांगायला हवं. शंभर माणसांत ते ऐकलेली मी एकटी होते, तो दाढीवाला सोडला तर. ते पोटात ठेवून मला बसवेना.

"नव्हता जात," मी म्हणाले. "त्यांनी बंद ठेवला होता. दुपारी तू अडखळलास म्हणून घाबरले. मूर्ख आहेत. पण ऐक, भूषण, मी हेडफोन लावून ऐकलं सगळं. तू बरोबर वाजवलंस. तो शेवट…"

"बंद ठेवला होता?"

"आज. फक्त आज."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता रडेल, नाहीतर चिडेल. मी हँडब्रेकवर हात ठेवून तयार होते. पण त्याचा चेहरा उजळत गेला. दोन वर्षांत, खरं तर त्याच्याही आधीपासून, मी त्याला इतकं आनंदात बघितलं नव्हतं.

"म्हणजे तेव्हाही बरोबरच होतो मी," तो म्हणाला.

"नाही! तेव्हा नाही. तेव्हाचं रेकॉर्डिंग ऐकलंस ना तू?"

"कोणी आणलं होतं ते?"

मी किल्लीकडे हात नेला.

"मिहीरनेच ना? त्यात नंतर घालता येतो आवाज, ताई. सोपं असतं ते." तो मला समजावून सांगत होता, लहान मुलीला सांगावं तसं. "आज तू तिथे होतीस म्हणून कळलं. तेव्हा कोण होतं सांगायला?"

"अरे, तेव्हा तू आजारी होतास!"

"हो, तेच सांगितलं ना सगळ्यांनी मला." त्याने माझा हात धरला. त्याचा हात थरथरत नव्हता. "ताई, तू नसतीस तर मी जन्मभर समजलो असतो की माझ्याच डोक्यात काहीतरी आहे. केवढं हलकं वाटतंय माहितीये? थँक यू."

मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. खूप बोलले. ओरडले, समजावलं, डॉक्टरबाईंना तिथूनच फोन लावला, तो लागला नाही. तो प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता. घरी जाताना खिडकीची काच खाली करून बसला आणि तो नवा शेवट गुणगुणत होता. अगदी सुरात. वाटेत त्याने मला पानाच्या टपरीपाशी थांबायला लावलं आणि आईसाठी मसाला पान घेतलं.

आई दारात वाट बघत होती. "कसं झालं रे?"

"एकदम छान," तो म्हणाला आणि तिला मिठी मारली. आईने माझ्याकडे बघून डोळे पुसले. तिला वाटलं, लेकरू परत आलं.

गोळ्या त्याने त्या आठवड्यातच बंद केल्या. मागे लागले की हसून म्हणायचा, "कशाला ताई? तूच तर सांगितलंस." डॉक्टरबाईंनी बोलावलं, आला नाही. मिहीर माफी मागायला आला, त्याला दारातच म्हणाला, "कबूल केलंस ना? बास." पावसाळा संपता संपता टीव्ही आला, मग नळ आला. दिवाळीत मी त्याला धरूनच दवाखान्यात न्यायला निघाले, तेव्हा त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "तुलाही गाठलं ना त्यांनी?" म्हणाला. त्यानंतर दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या, तीन झाल्या. पण पहिल्यासारखी शंका त्याला पुन्हा कधी आली नाही. सगळ्याची खात्री आहे.

आई गेली. आता घरात आम्ही दोघंच. तो मागच्या खोलीत असतो, खिडकीला पुठ्ठा लावून. मी रोज दुपारचा क्लास संपवून येते, वरणभात लावते आणि ताट घेऊन दारात उभी राहते. तो लगेच घेत नाही. आधी मी त्याच्यासमोर एक घास खाऊन दाखवायचा असतो. मी खाते. गिळला की नाही ते तो बघतो, तोंड उघडायला लावतो, थोडा वेळ थांबतो, आणि मग ताट आत ओढून दार लावून घेतो.